व्हीआर-६ इंजिन: पाणी कमी होतं, गळती सापडत नाही, दुरुस्तीनंतर त्रास परत येतो

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, दिवा लागला, टाकीत पाणी कमी दिसलं, भरलं. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा तेच. पार्किंगमध्ये डाग नाही, दिसणारे सगळे होज कोरडे. मेकॅनिकने टाकीचं झाकण बदललं आणि महिना-दोन महिने बरे गेले. मग परत सुरू झालं म्हणून रेडिएटर बदलला, पुन्हा थोडे दिवस बरे. शेवटी कुणीतरी सांगतं, "हेड गॅसकेट उडालीय, हेड उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी काढून टाकायचा विचार करू लागतो.

हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) हात लावण्याआधी हे वाचा; गॅसकेट म्हणजे त्याच्याखालचा सील. फोक्सवागेनच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनात पाणी कमी होण्याची बहुतेक कारणं गॅसकेटपेक्षा स्वस्त असतात. ती अशा जागी दडलेली असतात की बोनेट उघडून नुसतं पाहिल्याने सापडत नाहीत, म्हणून जे दिसतं तेच बदललं जातं. मधले काही दिवस बरे जातात त्यालाही कारण आहे. जुनं झाकण ढिलं झालं की यंत्रणेत पूर्ण दाब धरला जात नाही. नवं झाकण लावलं की दाब पूर्ववत होतो आणि वीस वर्षं उष्णता खाल्लेल्या प्लॅस्टिकवर येतो. त्यातला सगळ्यात कमजोर तुकडा आधी तडकतो. म्हणजे पहिली दुरुस्ती चुकीची नव्हती, अर्धवट होती.

जागा कशा दडल्या हे कळायला इंजिनाची ठेवण माहीत हवी, आणि ती माहीत करून घेण्यासारखी आहेच. फोक्सवागेनला ज्या गाडीत चार सिलिंडरचं इंजिन आडवं बसत होतं, त्याच गाडीत सहा सिलिंडर बसवायचे होते. सहा एका ओळीत ठेवले तर इंजिन दोन चाकांच्या मध्ये मावत नाही. ६० अंशांचं नेहमीचं व्ही-६ घेतलं तर लांबी कमी होते पण रुंदी वाढते, हेड दोन लागतात, आणि मागच्या बाजूचा एक्झॉस्ट केबिनच्या भिंतीला चिकटतो. त्यांनी मधला मार्ग काढला: दोन ओळी, पण त्यांच्यातला कोन फक्त १५ अंश. सिलिंडर एकाआड एक मागेपुढे सरकवलेले, त्यामुळे ते एकमेकांच्या बगलेत शिरतात. २.८ लिटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर आहे आणि लागोपाठच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतलं, इंजिनाच्या लांबीच्या दिशेने मोजलेलं अंतर ६५ मिलिमीटर. सरळ ओळीत हे शक्यच नाही, एकाची भिंत दुसऱ्यात घुसेल. दोन्ही ओळींवर मिळून हेड एकच. व्ही आकाराचा 'व्ही' आणि सरळ ओळीच्या इंजिनाला जर्मनमध्ये म्हणतात त्या 'राईनमोटर'मधला 'आर', यांवरून नाव पडलं व्हीआर-६.

अरुंद कोनाची कल्पना त्याहून जुनी. इटलीतल्या लान्चियाने १९२० च्या दशकातच लॅम्ब्डा गाडीत अरुंद कोनाचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. १९९० च्या दशकात मित्सुबिशीने १.६ लिटरचं आणि माझदाने १.८ लिटरचं व्ही-६ काढलं, पण त्यांनी सिलिंडरच लहान करून इंजिन लहान केलं. फोक्सवागेनने सिलिंडर मोठेच ठेवले आणि मधली जागा काढून घेतली. मला यातली ही युक्ती सगळ्यात जास्त भावते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तिची किंमत मोजावी लागते, कारण जी जागा काढून घेतली तिथूनच आपला हात जायचा होता.

पहिलं व्हीआर-६ १९९१ मध्ये पसाटमधून आलं, मग कोराडो आणि गोल्फमध्ये. २.८ लिटर, १२ व्हॉल्व्ह, १७४ अश्वशक्ती. युरोपातल्या कोराडोला २.९ लिटरचं, १९० अश्वशक्तीचं. १९९९ च्या सुमारास २४ व्हॉल्व्हचं हेड आलं आणि त्यावर पुढे ३.२ लिटरचं गोल्फ आर-३२ उभं राहिलं. पोर्शच्या पहिल्या केयेन व्ही-६ मध्येही हेच ३.२ चं कुळ आहे. त्यानंतरच्या ३.६ लिटरच्या थेट इंधन फवारणीच्या इंजिनात कोन आणखी कमी करून १०.६ अंशांवर आणला. महाराष्ट्रात ज्यांची या इंजिनाशी गाठ पडते ती मुख्यतः याच ३.६ शी: २००९ पासून भारतात विकली गेलेली दुसऱ्या पिढीची श्कोडा सुपर्ब व्ही-६, चारही चाकांना ताकद देणारी, २६० अश्वशक्तीची, सहा गिअरच्या डीएसजी (दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्ससह. श्कोडाचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातला, त्यामुळे ही गाडी मराठवाड्याला परकी नाही. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र जुनी १२ आणि २४ व्हॉल्व्हची इंजिनं स्वस्तात मिळतात, आणि वर सांगितलेली तक्रार तिकडून जास्त येते. एक सावधगिरी: पहिल्या पिढीच्या सुपर्बमधलं २.८ व्ही-६ हे व्हीआर-६ नव्हे. ते ९० अंशांचं, उभं बसवलेलं, टायमिंग बेल्टचं वेगळं इंजिन आहे. त्याचे सुटे भाग आणि सल्ले इथे लावू नका.

आता शोध. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर उभं. गरम टाकीचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो.

सगळ्यात आधी इंजिनाखालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढा. जमिनीवर डाग पडत नाही याचं अर्धं उत्तर तिथेच असतं. गळलेलं पाणी आधी गरम ब्लॉकवर पडून सुकतं, आणि उरलेलं ट्रेवर किंवा त्याच्या आतल्या नमद्यात जिरतं. नमदा हाताने दाबून पाहा. ओला, चिकट, गोडसर वासाचा लागला तर गळती बाहेरची आहे, आणि ही चांगली बातमी समजा. ट्रेचा कोणता कोपरा ओला आहे ते लक्षात ठेवा. ट्रे काढलेलाच राहू द्या.

दुसरं, काट्यावर भिस्त ठेवू नका. फोक्सवागेन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. प्रत्यक्ष तापमान साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी काटा ९० वरच. काटा हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. खरा आकडा स्कॅनरवर वाचा. ट्रॅफिकमध्ये तो कुठवर चढतो, पंखा लागल्यावर किती लवकर उतरतो, हायवेवर नको तितका खाली जातो का, हे लिहून ठेवा. हायवेवर ६५-७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरकडचं पाणी सोडणारा-रोखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय.

मग प्रेशर टेस्ट. हातपंप आणि टाकीच्या तोंडाला बसणारा जोड एवढंच लागतं. थंड इंजिनावर साधारण १ बार दाब द्या आणि निदान अर्धा तास थांबा. पाच मिनिटांत पंपाचा काटा पडला नाही म्हणून 'गळती नाही' असं सांगून गाडी परत दिली जाते, तिथेच खरा दोष निसटतो. केसाएवढी चीर थेंब जमवायला वेळ घेते. दाब उतरतोय पण थेंब दिसत नाही अशी स्थिती असेल तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाका, दोन दिवस गाडी चालवा आणि रात्री निळ्या-जांभळ्या दिव्याने पाहा.

कुठे पाहायचं? १२ आणि २४ व्हॉल्व्हच्या इंजिनांत पहिला संशयित ठरलेला आहे. थर्मोस्टॅटचं घर गिअरबॉक्सच्या बाजूला, वॉटर पंप बेल्टच्या बाजूला, आणि दोघांना जोडणारी प्लॅस्टिकची नळी ब्लॉकच्या पुढच्या अंगाने, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) खालून जाते. तडकण्याची तिची सवय इतकी सगळ्यांना माहीत की हौशी मंडळींत तिला 'क्रॅक पाइप' असंच नाव पडलंय. वरून ती दिसत नाही. बोट घातलं तर कडेवर गुलाबी किंवा पांढरी खरखरीत पपडी लागते, ती सुकलेल्या कूलंटची. लहान आरसा आणि बॅटरी, किंवा फोनला जोडायचा कॅमेरा, एवढ्यावर काम होतं. नळीइतकंच थर्मोस्टॅटचं घरही प्लॅस्टिकचं, त्याच वयाचं. ३.६ मध्ये मांडणी वेगळी असली तरी ते घर प्लॅस्टिकचंच आहे आणि सुरुवात तिथूनच करावी.

त्यानंतर इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ चालणारा विजेचा छोटा पंप. त्याच्या शिवणीतून पाझर होतो आणि तो खाली असल्याने होजमधून गळतंय असं वाटतं. मग मुख्य वॉटर पंप: पुलीच्या मागे पपडी किंवा ओघळ दिसतो का पाहा. मग केबिनमधला हीटर. पायाशी गालिचा ओलसर, काचेवर आतून तेलकट वाफ धरते, गोड वास येतो, अशा वेळी बोनेटखाली शोधण्यात अर्थ नाही.

एवढं पाहूनही बाहेर काहीच सापडलं नाही तर गॅसकेटकडे वळा, तेही तपासून. टाकीच्या तोंडावर जळलेल्या वायूची परीक्षा करणारं निळं द्रव मिळतं. चालू इंजिनात ते पिवळं झालं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. मग स्पार्क प्लग काढा. सहांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा बघा. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होणं हीही खूण आहे, कारण तेवढ्यात नुसत्या उष्णतेने इतका दाब येत नाही.

टाकीत तेलकट तवंग दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नका. तेलाच्या फिल्टरपाशी ऑइल कूलर असतो, त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट फिरतं. तो आतून फुटला तर चालू इंजिनात तेलाचा दाब जास्त असल्याने तेल पाण्यात शिरतं आणि चित्र हुबेहूब गॅसकेटसारखं दिसतं. डीएसजी गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलालाही असाच कूलर असतो. तवंग कोणत्या तेलाचा हे आधी ठरवा. इंजिनाच्या डिपस्टिकवर साय नाही, वायूची परीक्षा निळीच राहिली, तर कूलर पहिला धरा.

आणि गाडी एकदा जरी उकळली असेल तर ते लपवू नका, मेकॅनिकला आधी सांगा. एकच ॲल्युमिनियमचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक, दोन सिलिंडरांच्या मध्ये गॅसकेटला मिळणारी पट्टी अरुंद. जास्त तापलं की हेड वाकतं. मग हेड सपाट आहे का हे मोजल्याशिवाय नवी गॅसकेट टाकणं म्हणजे तीच दुरुस्ती दोनदा करणं.

दोष नळीत सापडला असं धरून पुढे जाऊ. नळी एकटी बदलू नका. मॅनिफोल्ड काढलंच आहे तर नळी, थर्मोस्टॅटचं घर, थर्मोस्टॅट, तापमानाचा सेन्सर आणि सगळे ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) एकाच वेळी. बाजारात ॲल्युमिनियमची नळी मिळते. माझं मत तिच्या बाजूने आहे, पण अटीवर: टोकं गुळगुळीत हवीत आणि ओ-रिंग कूलंट लावून, न पिळता बसवायला हवी. खरखरीत टोकाच्या धातूच्या नळीपेक्षा नवी अस्सल प्लॅस्टिकची नळी बरी. जुनी नळी काढताना तिचे तुकडे थर्मोस्टॅटच्या घरात अडकून मोडतात. ते सगळे मोजून बाहेर काढा, एखादा आत राहिला तर फिरत जाऊन थर्मोस्टॅटमध्ये अडकतो. वॉटर पंप बदलायचा असेल तर जुन्या आडव्या गाड्यांत इंजिनाचं माउंटिंग सोडून इंजिन थोडं उचलावं लागतं, पंप आणि चॅसिसच्या मध्ये तेवढी जागा नाही. तो खर्च आधीच धरा.

मॅनिफोल्ड बाजूला असताना आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. पावसाळ्यात सकाळी गाडी मिसफायर होते आणि दुपारी सुतासारखी चालते, ही १२ व्हॉल्व्हवाल्यांची दुसरी नेहमीची तक्रार. त्यातल्या बहुतेक इंजिनांत सहाही सिलिंडरांची कॉइल, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज देणारा भाग, एकाच ठोकळ्यात असते आणि त्याच्या कवचाला बारीक चिरा पडतात. अंधारात, इंजिन चालू असताना, त्यावर पाण्याची हलकी फवारणी करा. चिरेतून निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. हात लांब ठेवा, तो झटका साधा नसतो. ३.६ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळीचा थर बसतो. थंड असताना थरथर होत असेल तर मॅनिफोल्ड काढलेलं असतानाच ते साफ करून घ्या. शिट्टीसारखा आवाज आणि अस्थिर आयडल ही मात्र बहुतेकदा व्हॉल्व्ह कव्हरवरच्या वाफेच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटल्याची खूण असते.

चेनबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे चुकीचा निर्णय सगळ्यात महाग पडतो. या इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, फ्लायव्हीलपाशी आहे. क्रँकची पिळवटणारी कंपनं तिथे सगळ्यात कमी असतात, म्हणून जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. पण चेन, तिचे प्लॅस्टिकचे गाइड आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजले की ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. थंड इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड ऐकू येणं ही पहिली खूण. पुढे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) जुळणी बिघडल्याचा पी ००१६ हा कोड येतो. तो आला की कॅमचा सेन्सर बदलायचा, कोड पुसायचा, महिन्याने परत यायचं, असं चक्र सुरू होतं. सेन्सर फक्त निरोप देतो. २४ व्हॉल्व्हच्या इंजिनात स्कॅनरवर मोजमापाचे गट २०८ आणि २०९ उघडा. तिथे इनटेक आणि एक्झॉस्ट कॅमची जुळणी किती सरकली ते दिसतं. आकडा शून्याजवळ स्थिर असेल तर चेन ठीक. दर काही महिन्यांनी तो एकाच दिशेने वाढत असेल तर चेन लांबलीय. १२ व्हॉल्व्हच्या इंजिनात वरच्या चेनचा टेन्शनर बाहेरून बोल्टसारखा काढता येतो आणि नवा बसवून खडखड किती कमी होते ते पाहता येतं. तो काढलेला असताना क्रँक अजिबात फिरवू नका, चेन दात सोडू शकते. खालच्या चेनचे गाइड मात्र गिअरबॉक्स काढल्याशिवाय दिसतही नाहीत. म्हणून क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरतोय असं कळलं की त्याच दिवशी चेनचा निर्णय घ्या. नुसता क्लच टाकून गिअरबॉक्स परत चढवला तर हाच मजुरीचा खर्च पुन्हा येतो.

शेवटी पाणी भरणं. इथेही दुरुस्ती वाया जाते. आधी जुनं कूलंट पूर्ण काढा आणि शुद्ध केलेल्या पाण्याने यंत्रणा धुवा. गुलाबी जी-१२ प्रकारच्या कूलंटमध्ये जुनं निळं-हिरवं जी-११ मिसळलं तर तपकिरी गाळ तयार होतो आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. बोअरचं पाणी कधीही नको, आपल्याकडच्या बऱ्याच भागांत ते इतकं जड आहे की वर्षभरात आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, आणि टाकीतून सावकाश भरा. इंजिन चालू करून वरचा-खालचा होज हळू दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज गरम होतो, पातळी अचानक उतरते, तेवढी भरा. हीटरमधून गरम हवा सलग येत नसेल तर हवा अजून आत आहे. नवं झाकण आता लावा, आधी नाही.

टाकीवर थंड पातळीला चिकटपट्टीची खूण करा. सलग तीन दिवस सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, खूण बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरेल, ती अडकलेली हवा निघाल्यामुळे. तेवढी भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी खुणेवरच राहिली आणि नळीच्या दोन्ही टोकांना बोट कोरडं आलं, की नमदा धुऊन वाळवा आणि ट्रे परत बसवा.